कुत्र्यापाशी येऊन आपली जीवदया का अडते?



दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने गोळा केलेल्या जीवदया निधीचा हिशोब दिवाळीनंतरच्या सभेत मांडायचा असतो. मी बी.कॉम. आहे म्हणून गेली अकरा वर्षं ती वही माझ्याकडे आहे. यंदा ६८,४०० रुपये जमले. दर वर्षीप्रमाणे सगळे गोशाळेला द्यायचे असं ठरत होतं. मी एवढंच म्हटलं, की यातले दहा हजार गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला देऊ या.

"कुत्र्यांना? अहो काकू, ती मांस खातात!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आपलं पुण्य त्यांच्या पोटात कशाला घालायचं?" ठराव पडला. ६८,४०० चा चेक मीच लिहिला. गोशाळेला माझा विरोध नाही, तिथं मी स्वतः दरमहा देते. पण त्या हशाला मी तिथं उत्तर दिलं नाही, ते आज इथं देते.

आधी माझा दोष सांगते. दुसऱ्यांना बोलायचं तर तेवढं केलंच पाहिजे.

वीसएक वर्षांपूर्वी मुलाच्या हट्टापायी आम्ही एक पॉमेरेनियन पिल्लू विकत घेतलं. पांढरंशुभ्र, हातात मावणारं. नाव पिंटू. पैसे मोजून आणलं, म्हणून कौतुकही फार. मुलगा शिकायला पुण्याला गेला. पिंटूला नवव्या वर्षी लूत लागली. केस गेले, घरभर वास येऊ लागला. घरात चातुर्मासाची लगबग होती. मी आमच्या यांना म्हटलं, याला शेतावर ठेवू या, तिथं मोकळा राहील. आयुष्यभर फरशीवर झोपलेलं ते जनावर आम्ही उसाच्या रानात नेऊन सोडलं. तीन आठवड्यांनी गडी सांगायला आला, की कुत्रं दिसत नाही. आम्ही शोधलंही नाही.

त्यानंतर किती तरी क्षमावाणी झाल्या. दर वर्षी मी जावांची, नणंदांची, शेजारणींची, फोन करून करून सगळ्यांची क्षमा मागितली. पिंटूचं नाव एकदाही घेतलं नाही.

चार वर्षांपूर्वी नातीच्या वाढदिवसाला तिच्या हट्टाने मी पहिल्यांदा त्या निवाऱ्यात गेले. पत्र्याची शेड, जाळीच्या खोल्या, शंभराच्या वर कुत्री. मला वाटलं होतं सगळी रस्त्यावरची असतील. तर एका कोपऱ्यात लॅब्राडोर, पलीकडे पग आणि चक्क एक हस्की. सांगलीच्या मे महिन्यात बर्फातलं कुत्रं! ही सगळी कुणाच्या तरी घरून आलेली. कुणाचं घर बदललं, कुणाला बाळ झालं, कुणाचं कुत्रं म्हातारं झालं. माझ्यासारखीच माणसं, फक्त त्यांनी उसाच्या रानाऐवजी निवाऱ्याच्या फाटकाला बांधलं.

आम्ही केक नेला होता. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काकू, केक नको. गोड यांना सोसत नाही. द्यायचंच असेल तर लशीचं बिल द्या, नाहीतर झाडणाऱ्या मावशींच्या पगाराचं बघा." मी आयुष्यभर घरखर्च आणि मंडळाची वही लिहिलेली बाई, मला ते लगेच पटलं.

आता एकेक आक्षेप घेते.

"ती मांस खातात."

खातात. निवाऱ्यात भातात कोंबडीचे तुकडे घालून शिजवतात, कारण ते स्वस्त पडतं. हे मी लपवत नाही. म्हणून मी तिथं रोख पैसे देत नाही. लशींचं बिल परस्पर औषधाच्या दुकानात भरते, तांदूळ आणि मूगडाळ पोत्याने पोचवते. तरी पैशाला रंग नसतो हे कॉमर्सवालीला कुणी सांगायला नको. माझ्या तांदळामुळे त्यांचा जो पैसा वाचतो तो कुठे जातो, हा प्रश्न मलाही पडला. म्हणून मी सरळ विचारलं, "आम्ही आठवड्यातून दोन दिवसांचं शाकाहारी जेवण दिलं तर चालेल का?" ते म्हणाले, "आनंदाने. डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवू." तेव्हापासून बुधवार आणि रविवार आमचे. भात, डाळ, दुधी, पनीर. आजारी कुत्री आणि लहान पिल्लं सोडून बाकीची सगळी ते खातात.

आता हिशोब तुम्हीच करा. आपण सोवळ्याने दूर राहिलो तर तिथलं मांस एक तुकडाही कमी होत नाही. आपण गेलो, तर आठवड्यातल्या दोन दिवसांचं कमी होतं. ज्यांना मांसाची एवढी चीड आहे त्यांनी तर सगळ्यांत आधी जायला हवं.

आणि घरी आणलेल्या कुत्र्याचं? कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. मांजराला मांसातून मिळणारी काही द्रव्यं लागतातच, म्हणून मी तुम्हाला मांजर आणायला सांगत नाही. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढला. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की पिष्ट पचवण्याची लांडग्यापेक्षा जास्त ताकद कुत्र्याच्या जनुकांत आलेली आहे. नीट बेत आखला, डॉक्टरांच्या सल्ल्याने जीवनसत्त्वं दिली आणि अधूनमधून तपासणी केली, तर मोठा निरोगी कुत्रा शाकाहारावर राहतो. नुसत्या दूध-चपातीवर मात्र ठेवू नका, ती उपासमारच.

एक गंमत सांगते. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी असतात. रक्तातल्या पेशी फुटतात. म्हणजे कुत्र्याला मानवेल असा स्वयंपाक गावात कुठे होत असेल तर तो आपल्या घरात! द्राक्षं आणि बेदाणेही त्याला घातक, तेव्हा सांगलीचा बेदाणा पाहुण्यांनाच द्या.

"हिंसक प्राणी पाळणं हा अनर्थदंड आहे."

हा आक्षेप स्वाध्यायातल्या एका अभ्यासू ताईंनी घेतला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जुन्या ग्रंथांत मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणं हिंसादान या अनर्थदंडात धरलेलं आहे. पण ताई, अनर्थ म्हणजे निष्प्रयोजन. उंदीर मारायला मांजर बाळगायचं, शिकारीला कुत्रा बाळगायचा, हौसेसाठी जनावर जमवायचं, ते त्यात येतं. जो जीव जन्मून, टाकून दिला जाऊन, जाळीमागे बसलेला आहे त्याला आसरा देणं म्हणजे पाळण्याची हौस नव्हे. ते अभयदान आहे.

उलट हा अनर्थदंड कुणाला लागतो ते मी सांगते. नातवाच्या वाढदिवसाला पंचवीस हजारांचं पिल्लू विकत आणतात त्यांना. आपल्याच समाजात ही टूम आली आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही, कारण विकतचं कुत्रं प्रतिष्ठेचं.

ते पिल्लू कुठून येतं हे विचारलंय कधी? त्याची आई कुठे तरी पिंजऱ्यात असते. दोन महिन्यांनी विते, पिल्लं काढून घेतली जातात, पुन्हा तेच. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. तुम्ही पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागितला होता का? मी पिंटूच्या वेळी काहीच विचारलं नव्हतं, फक्त केस किती मऊ आहेत ते पाहिलं होतं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी रोखणं. पिंजऱ्यातल्या त्या आईला पहिला लागू. डॉबरमनचं रूप खुलावं म्हणून कान आणि शेपटी कापतात, त्याला तिसरा लागू. बंगल्याच्या गच्चीवर दिवसभर साखळीला असलेल्या कुत्र्याला पुन्हा पहिला, आणि घरचे लग्नाला गेले की पाचवा. आपण स्वतः करत नाही म्हणाल, पण कृत, कारित आणि अनुमोदना तिन्ही आपल्याला शिकवलेत. पैसे देऊन मागणी करणारा कारित-अनुमोदनेतून सुटत नाही. मागणी तसा पुरवठा, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. आपल्या पाठशाळेत तर त्याहून आधी शिकवलं होतं.

"नसबंदी म्हणजे छेदच की."

निवाऱ्यातून दत्तक देताना नसबंदी करूनच देतात. यावर मी बरेच दिवस विचार केला. जनावराला वेदना होतात हे खरं. पण प्रमादाने, कषायाने दिलेली पीडा आणि भूल देऊन, जखमेची काळजी घेऊन केलेली शस्त्रक्रिया एकाच पारड्यात घालता येत नाहीत. नाहीतर आपल्या सुनांच्या सिझेरियनलाही हिंसा म्हणावं लागेल. कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते. आमच्या कोपऱ्यावरच्या कुत्रीला एका पावसाळ्यात सहा पिल्लं झाली. दोन चाकाखाली गेली, तीन गॅस्ट्रोने गेली, एक राहिलं. त्या पाच जीवांचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा? ही निर्दोष गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. त्यातल्या त्यात कमी हिंसेची आहे, आणि गृहस्थाच्या वाट्याला बहुतेक वेळा एवढंच येतं.

"चावलं तर? रेबीज झाला तर?"

भीती रास्त आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, म्हणून यात हयगय नको. पण निवाऱ्यातलं मोठं कुत्रं लसीकरण झालेलं असतं, त्याचा स्वभाव तिथल्या लोकांना माहीत असतो. रेबीजची लस दर वर्षी न चुकता द्यायची. आणि घरचं असो की रस्त्यावरचं, कुणालाही चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद नाही, मिरचीपूड नाही, मंत्र नाही.

"मुनिमहाराजांचा आहार असतो, घरात कुत्रं कसं चालेल?"

आमच्याकडे चालतं. चौका असतो त्या दिवशी आमची भुरी आदल्या संध्याकाळपासून शेजारच्या अंगणात असते. बाकीच्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा तिची हद्द. आठवड्यात शिकली. आमच्या नातवाला सात वर्षांत जमलं नाही.

आता भुरीबद्दल. पहिल्यांदा गेल्यानंतर वर्षभराने आम्ही तिला आणलं. साधी गावठी, मातकट रंगाची, एक कान फाटलेली. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि पाच वर्षं निवाऱ्यात होती, कारण सगळ्यांना पिल्लू हवं असतं. आम्ही दोघं साठी ओलांडलेले. आम्ही पिल्लू आणलं असतं तर आमच्या मागे ते पुन्हा जाळीमागे गेलं असतं. म्हणून माझ्या वयाच्या मैत्रिणींना सांगते, मोठं कुत्रं आणा. आणि आपल्यानंतर कोण बघणार ते मुलांशी बोलून आधीच ठरवा. मी भाचीकडून वचन घेतलंय.

भुरीची दोन जेवणं, सकाळी आठला आणि सूर्यास्ताआधी. महिन्याला अठराशेच्या आसपास खर्च, लस आणि गोचिडीचं औषध धरून वर्षाला आणखी चारेक हजार. पहिला महिना ती दाराशी पाठ लावून बसायची, झोपायची नाही. मी शेजारी जपमाळ घेऊन बसायचे. आता जप सुरू झाला की येऊन आडवी होते. तिला काय कळतं मला ठाऊक नाही, पण शास्त्र काय म्हणतं ते ठाऊक आहे. कुत्रा संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. त्याला सम्यक्त्व होऊ शकतं, तो पाचव्या गुणस्थानापर्यंत चढू शकतो. म्हणजे श्रावकाच्या पायरीपर्यंत. रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्रस्वामी सांगतात, की धर्मामुळे कुत्राही देव होतो आणि पापामुळे देवही कुत्रा होतो. जीवंधरकुमाराची कथा तर आपण मुलांना सांगतो. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी मरेस्तोवर मारलेला कुत्रा, त्याच्या कानात कुमाराने णमोकार सांगितला, आणि तो यक्ष होऊन पुढे त्याच्या मदतीला आला. कथेतला कुत्रा आपल्याला चालतो, मग निवाऱ्यातला का नाही?

आणि ज्या पांजरपोळीचा आपल्याला अभिमान, तिची सुरुवात आठवा. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत इंग्रजांच्या शिपायांनी भटकी कुत्री मारायला घेतली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. पारशी लोक चिडून रस्त्यावर उतरले, हिंदू आणि जैनही त्यांच्याबरोबर आले, बाजार बंद पडला, दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाई आणि आपल्या समाजातले शेठ मोतीशहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. अशा जिवांना आसरा हवा म्हणून. मुंबईच्या पांजरपोळीच्या मुळाशी कुत्री होती, मैत्रिणींनो. आज पांजरपोळ म्हटलं की आपल्याला फक्त गाय दिसते.

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली आपली माधुरी वनताराला नेली, तेव्हा आपल्या घराघरांत चूल पेटली नाही असं झालं. हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरला पायी गेले. मीही रडले. ऑगस्टमध्ये मुंबईत दादरच्या कबुतरखान्यासाठी समाज रस्त्यावर आला. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांचा निकाल चालू होता. २२ ऑगस्टला न्यायालयाने सांगितलं, की नसबंदी आणि लस करून त्यांना त्यांच्या भागात परत सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. ज्यांना दत्तक घ्यायचं त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, पण ती पुन्हा रस्त्यावर येता कामा नयेत. मग ७ नोव्हेंबरला आदेश आला, की शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका. लेकरांच्या सुरक्षेसाठी हे हवं, मी त्याला विरोध करत नाही. पण हे निवारे कुठे आहेत? आहेत ते आधीच भरलेत. यावर आपल्या एकाही व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला एक ओळ दिसली नाही. हत्तीण आपली, कबुतर आपलं, गाय आपली. कुत्रा कुणाचा?

आणखी एक बोलते, राग आला तरी. आपण मर्यादेबाहेरचं अन्न खात नाही. कालचं मळलेलं पीठ नाही, कालची भाजी नाही. पण तेच डब्यात भरून कुत्र्यापुढे ठेवतो आणि जीवदया केली म्हणतो. जे आपल्याला अभक्ष्य ते त्याला दान कसं होतं?

आता कामाचं. सगळ्यांना कुत्रं घरी आणता येणार नाही, येऊ नयेही. दिवसभर कुलूप लागणाऱ्या घरात, किंवा घरच्यांची मनापासून तयारी नसेल तिथं आणू नका. पिंटूसारखा आणखी एक जीव होईल. पण मदत सगळ्यांना करता येते.

वाढदिवसाला एकदम पाच हजार देण्यापेक्षा दरमहा दोनशे द्या. निवाऱ्याला एकरकमी देणग्या मिळतात, अडतं ते चालू खर्चात. पगार, वीज, पाणी, औषध हा खर्च दर महिन्याला येतो. देण्याआधी नोंदणी आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा, संकोच करू नका. चांगली संस्था तो दाखवते. जुन्या चादरी, गोणपाट, टॉवेल, मोठी पातेली द्या. महिन्यातून एक सकाळ जाऊन कुत्र्यांना फिरवून आणा, लेकीसुनांना न्या. आणि घरात कुणी पिल्लू विकत आणायचं म्हणालं, तर आधी त्याला निवाऱ्यात घेऊन जा.

आमच्या मंडळात आम्ही ४२ जणी आहोत. दरमहा दोनशे म्हणजे ८,४०० रुपये, वर्षाला १,००,८००. दशलक्षणाच्या निधीला हात न लावता, गोशाळेचा एक रुपया कमी न करता. एका भिशीच्या नाश्त्याला यापेक्षा जास्त जातात, ती वहीसुद्धा माझ्याकडेच आहे.

यंदाच्या क्षमावाणीला मी पहिल्यांदा पिंटूचं नाव घेतलं. उत्तर द्यायला तो नाही. भुरी होती, ती पायाशी झोपलेली होती.

पुढच्या सभेत मी हाच ठराव पुन्हा मांडणार आहे. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर यावं. दर रविवारी सकाळी दहाला भात घेऊन निघते. गाडीत तिघींची जागा आहे.

जय जिनेंद्र.